मेन जेटचा नंबर नंतर, आधी मूठ कुठे आहे ते सांगा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. १९६ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनी बाइकवर बसवलंय, गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) काढलाय, फिल्टर उघडा, एक्झॉस्ट सरळ नळीचा, आणि मूळ कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) जागी मिकुनी कंपनीच्या धाटणीचा २२ मिलिमीटरचा स्लाइड कार्ब, ज्यात मूठ पिळली की हवेची वाट उघडणारी स्लाइड वर उचलली जाते. आयडलला गाडी बरी चालते. मूठ हळूहळू पिळली तर सुरळीत वर जाते, पण झटक्यात पिळली की क्षणभर श्वास कोंडल्यासारखी बसते आणि मग एकदम सुटते. त्यावर उपाय म्हणून तुम्ही मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा मुख्य छिद्राचा छोटा स्क्रू, ९० पासून ११५ पर्यंत बदलत नेलात, फरक शून्य. आणि आता विचारताय की नेमका कितीचा मेन जेट टाकू.

कितीचाही टाका, हा दोष जाणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

स्लाइड कार्बमध्ये पेट्रोल यायला तीन-चार वेगवेगळ्या वाटा असतात. कुठली वाट चालू आहे, ते मुख्यतः स्लाइड किती उचलली आहे यावर ठरतं, आरपीएमवर नाही. मूठ बंद ते अष्टमांश उघडी असताना पायलट जेट (आयडलचं पेट्रोल देणारा लहान जेट) आणि त्याचा स्क्रू. अष्टमांश ते पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप, म्हणजे कटअवे. पाव ते पाऊण नीडल, म्हणजे स्लाइडला क्लिपने अडकवलेली निमुळती सुई: तिची जाडी, तिचा उतार आणि क्लिप कितव्या खाचेत आहे ते. पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींत मिसळतात, काटेकोर नसतात, पण दोष शोधायला एवढं पुरतं. अर्ध्या मुठीवर नीडल आणि तिच्याभोवतीची नळी यांच्यातली फट मेन जेटच्या छिद्रापेक्षा अरुंद असते, आणि पेट्रोल किती येणार ते सगळ्यात अरुंद जागा ठरवते. मागे कितीही जाड पाइप जोडा, तोटी किलकिली असेल तर पाणी तोटीएवढंच येणार.

म्हणून पहिलं काम जेट बदलण्याचं नाहीच. मुठीवर चिकटपट्टी लावा, शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर एक रेघ मारा, आणि पट्टीवर बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. त्याआधी केबलचा ढिलेपणा काढा, नाहीतर पाव खुणेवर स्लाइड अजून जागची हललेलीच नसते. खरं तर एअर फिल्टर काढून स्लाइड पूर्ण मुठीला पूर्ण वर जाते का, तेही एकदा डोळ्यांनी बघून घ्या. एका गाडीवर मी तासभर मेन जेटशी झगडलो होतो, आणि स्लाइड पाऊणच उघडत होती.

आता जेटला हात लावण्याआधीची तपासणी. ही कंटाळवाणी वाटते, म्हणून सगळे टाळतात, आणि माझ्याकडे ‘जेटिंग बिघडलंय’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी इथेच सुटल्या.

हवेची गळती सगळ्यात आधी. कार्ब आणि हेड यांच्यामध्ये जो काळा इन्सुलेटर असतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे गॅस्केट आणि नव्या कार्बसाठी बसवलेला मॅनिफोल्ड (कार्ब इंजिनाला जोडणारी नळी) ही नेहमीची ठिकाणं. नवीन मॅनिफोल्डची फ्लँज बऱ्याचदा सपाट नसते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली की लगेच दिसतं: मधे चमक येते, कडा तशाच राहतात. गळती असली की मूठ सोडल्यावर आरपीएम पटकन खाली येत नाही, वरच लटकून राहतो, आणि गरम झाल्यावर आयडल आपोआप वाढतो. थंड इंजिन आयडलला चालू ठेवून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला की जागा सापडली. कार्ब क्लीनर फवारून बघणारेही आहेत, पण तो पेटतो, आणि एक्झॉस्ट वीतभर अंतरावर असतो.

मग पेट्रोलचा प्रवाह. फ्लोट चेंबरचा (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) निचरा स्क्रू सोडून, खाली भांडं धरून, एक मिनिट पेट्रोल वाहू द्या. धार एकसारखी राहिली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग थेंबथेंब येत असेल तर टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बंद आहे किंवा फिल्टर तुंबलाय. अशी गाडी पूर्ण मुठीवर दहा-बारा सेकंद झकास पळते आणि मग मरगळते, आणि लोक मेन जेट वाढवत बसतात. फ्लोटची उंचीही बघून घ्या, कारण चेंबरमधली पातळी खाली असेल तर सगळ्याच वाटांना पेट्रोल कमी मिळतं. स्वस्त नकली कार्बमध्ये ती सर्रास चुकलेली असते.

फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्हची फटही मोजा. होंडा जीएक्स २०० ला थंड इंजिनावर इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर असते, आणि त्या धाटणीच्या बऱ्याच इंजिनांना याच्या जवळपासचं माप चालतं. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला असेल तर कॅमवाल्याने दिलेलं माप धरा.

एवढं होऊनही दोष उरला तर तो जेटिंगचा.

तुमच्या गाडीकडे वळू. झटक्यात मूठ पिळल्यावर काय होतं ते बघा. स्लाइड वर जाते, हवेला वाट मोकळी होते आणि हवा क्षणात आत धावते. पेट्रोल तिच्यापेक्षा जड, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. शिवाय मोठं तोंड एकदम उघडल्यामुळे तिथला हवेचा वेग, म्हणजे पेट्रोल वर खेचणारी ओढ, क्षणभर पडते. परिणामी मिश्रण लीन होतं, पेट्रोल कमी पडतं. मोटरसायकलच्या काही कार्बमध्ये अशा वेळी पिचकारी मारणारा पंप असतो. तुमच्या कार्बमध्ये तो नाही. त्यामुळे हा क्षण निभावून न्यायचा तो पायलट आणि कटअवे या दोघांनी, सुरुवातीपासूनच थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, राहून.

पण बसणं नेहमी लीनमुळेच असतं असंही नाही. रिचमुळेही गाडी बसते, आणि दोन्हींचा आवाज वेगळा असतो. लीन असेल तर आवाज स्वच्छ असतो, जणू कुणीतरी स्विच बंद करून चालू केला. कधी कार्बमधून फटकन उलटी शिंक येते, आणि मूठ थोडी मागे घेतली की गाडी लगेच सावरते. रिच असेल तर आवाज भरड, गुरगुरणारा होतो, नळीतून काळसर धूर दिसतो, आणि इंजिन हळूहळू मोकळं होतं. तुमच्या वर्णनावरून मला तरी हे लीन वाटतंय.

खात्री करायला इंजिन नीट गरम करा, मग चोक थोडा लावून तशीच मूठ पिळा. बसणं कमी झालं तर लीन, वाढलं तर रिच. एक गोष्ट लक्षात ठेवा: मिकुनी व्हीएम धाटणीच्या कार्बमधला ‘चोक’ हवेचं तोंड बंद करत नाही, तो जास्तीचं पेट्रोल देणारी वेगळी वाट उघडतो. त्यामुळे मूठ जास्त उघडी असताना त्याचा परिणाम फारसा जाणवत नाही. वरच्या टप्प्यात या चाचणीवर विसंबू नका. पीझेड प्रकारच्या कार्बमध्ये खरी चोक-पट्टी असते, तिथे पट्टी पाव झाकून वरपर्यंत चाचणी घेता येते.

उलट बाजूची चाचणी पेट्रोलच्या नळाने होते. गाडी एकाच मुठीवर चालू ठेवून नळ बंद करा. चेंबरमधली पातळी उतरत जाते तसं मिश्रण लीन होत जातं. बंद पडण्याआधी काही सेकंद गाडीने जोर पकडला, तर त्या टप्प्यावर ती रिच होती.

आता पायलटचा स्क्रू. आधी तो कुठल्या जातीचा ते ओळखा, कारण इथे अर्धी दुनिया उलटं फिरवते. स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की हवा कमी, मिश्रण रिच. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा: बाहेर काढला की रिच. तुमच्यासारख्या कार्बवर बहुतेक तो हवेचाच असतो, तरी बघून घ्या. हलक्या हाताने पूर्ण आत न्या, टोक रुतेल इतकं आवळू नका, आणि दीड फेरा बाहेर काढा. गरम इंजिनावर आयडल थोडा वाढवून पाव-पाव फेरा फिरवत जा आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबा. जिथे आरपीएम सगळ्यात जास्त आणि एकसारखा, ती जागा. मग आयडल पुन्हा खाली आणा.

ही जागा कितव्या फेऱ्यावर सापडली, त्यावर पायलट जेट ठरतो. हवेचा स्क्रू एका फेऱ्याच्या आत आल्यावरच बरं वाटत असेल, तर पायलट लहान आहे, एक पायरी मोठा टाका. अडीच फेऱ्यांच्या पुढे जावं लागत असेल तर पायलट मोठा आहे. मिश्रणाच्या स्क्रूला हेच उलटं.

पायलट बसला की त्या सगळ्यात चांगल्या जागेपासून हवेचा स्क्रू अष्टमांश ते पाव फेरा आणखी आत घ्या, आणि मूठ झटक्यात पिळून बघा. माझ्या अनुभवात निम्म्या गाड्यांचं बसणं इथेच संपतं. उरलं तर नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवा. क्लिप खाली म्हणजे नीडल वर, म्हणजे रिच. हे तोंडपाठ करून ठेवा, कारण ऐन वेळी सगळ्यांचा गोंधळ होतो. त्यानेही नाही भागलं तर कटअवे. त्याचा आकडा जितका मोठा तितकं लीन; २.५ ची स्लाइड असेल तर २.० ची टाकून बघा. नकली कार्बला वेगळ्या स्लाइड मिळतीलच असं नाही, आणि घासून कटअवे फक्त वाढवता येतो, कमी करता येत नाही. म्हणून कानस बाजूला ठेवा.

आयडलबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. या इंजिनांचा आयडल साधारण १,४०० च्या आसपास असतो. पायलट लीन असला की गाडी बंद पडते म्हणून लोक आयडल स्क्रू पिळून तो १,९००-२,००० वर नेतात. तिथे सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा) अर्धवट पकडायला लागतो, गाडी उभ्या जागी ओढते, क्लच तापतो आणि निळा पडतो. मग क्लच बदलला जातो. दोष पायलटचा असतो. शिवाय स्लाइड आयडललाच वर उचललेली असल्यामुळे वर सांगितलेले सगळे टप्पे सरकतात.

आता मेन जेट, कारण तुमचा ११५ बहुधा मोठा आहे आणि तो तसाच ठेवून चालणार नाही. त्याची रीत सोपी आहे. इंजिन गरम, रस्ता किंवा मैदान मोकळं आणि गाडीवर माणूस बसलेला. स्टँडवर मागचं चाक उचलून रेस देऊन मेन जेट कधीच कळत नाही. भार नसला की इंजिन जेमतेम पेट्रोल पितं. पूर्ण मुठीवर पळवा. फोर-स्ट्रोक वरच्या टोकाला अडखळत, भरड आवाज करत असेल तर जेट मोठा आहे. तसं होत नसेल तर होईपर्यंत मोठा करत जा आणि मग एक-एक पायरी खाली या, गाडी स्वच्छ ओढेपर्यंत. रिचकडून लीनकडे यायचं, उलट कधीच नाही. रिच चुकलात तर प्लग काळा होईल. लीन चुकलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नाहीतर पिस्टन जाईल.

पूर्ण ताकदीसाठी पेट्रोलला वजनात साधारण साडेबारा ते तेरा पट हवा लागते. पूर्ण ज्वलनाचा १४.७ हा आकडा पूर्ण मुठीवर गाठायचा नसतो. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) असेल तर उत्तम. पण आखूड नळीच्या एका सिलिंडरवर बाहेरची हवा नळीत परत येते आणि आयडलला सेन्सर खोटं लीन दाखवतो. त्या आकड्यावरून पायलट ठरवू नका.

प्लग वाचायचा असेल तर नवीन प्लग टाकून, पूर्ण मुठीवर लांब ओढून, त्याच क्षणी स्विच बंद करून मूठ सोडायची आणि गाडी घरंगळत थांबवायची. आयडलवर घरी आणून काढलेला प्लग फक्त तुमचा आयडल सांगतो. चिनीमातीचं टोक कसं दिसतंय याला फार महत्त्व नाही, तिच्या मुळाशी आत खोलवर काजळीची फिकट कडी दिसते का ते भिंगाने बघा. टोकही पांढरंफटक, चकाकणारं असेल किंवा त्यावर बारीक ठिपके असतील, तर पुढची फेरी मारू नका.

वरच्या टोकाला अडखळणं हे प्रत्येक वेळी मेन जेटचंच नसतं, हेही सांगायला हवं. मूळच्या मऊ व्हॉल्व्ह स्प्रिंगवर हे इंजिन पाच-साडेपाच हजारांच्या पुढे गेलं की व्हॉल्व्ह तरंगायला लागतात, म्हणजे वेळेवर बंद होत नाहीत, आणि ते अगदी रिच मिश्रणासारखं ऐकू येतं. जेट दोन पायऱ्या लहान करूनही अडखळणं नेमक्या त्याच आरपीएमवर येत असेल, तर कार्ब सोडा, स्प्रिंग बघा. आणि गव्हर्नर काढलाच आहे तर: कारखान्याने हे इंजिन ३,६०० आरपीएमला आवरून ठेवलेलं असतं. ओतीव फ्लायव्हील आणि मूळ कनेक्टिंग रॉड त्याच हिशोबाचे. जास्त वेगाला फ्लायव्हील फुटलं तर तुकडे पत्र्याचं कव्हर फाडून बाहेर येतात, आणि मिनी बाइकवर ते तुमच्या पायांच्या मधोमध असतं. जेटिंग जमलं की इंजिन आणखी वर फिरेल, म्हणून आधी बिलेट (अखंड धातूतून कापलेलं) फ्लायव्हील आणि रॉड.

आकड्यांविषयी. दुसऱ्याच्या गाडीचा जेट नंबर तुमच्या गाडीला का चालत नाही, याची तिन्ही कारणं साधी आहेत. एक, आकड्याचा अर्थच सगळीकडे सारखा नाही. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा प्रवाह मोजून दिलेला असतो, केहीन या दुसऱ्या कंपनीचा छिद्राच्या व्यासावरून. दोन्हीकडचे १०० वेगवेगळे. नकली जेटवर तर आकडा छापलेला असतो, एवढंच म्हणता येतं. शक्यतो एकाच संचातले जेट वापरा. दुसरं, फिल्टर, नळी, कॅम यांतलं काहीही बदललं की ओढ बदलते. उघड्या फिल्टरने तोंडापाशी अडथळा कमी होतो आणि तोच जेट लीन पडतो. तिसरं हवा आणि इंधन. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटर वर हवा साधारण १४ टक्के विरळ असते. मिश्रण त्याच्या निम्म्याने, सात टक्क्यांच्या आसपास, रिच होतं, म्हणजे व्यासाच्या आकड्यात १०० चा ९६-९७. दहा अंशांच्या पहाटे आणि चाळीस अंशांच्या दुपारी हवेच्या घनतेत दहा टक्क्यांचा फरक असतो, तेव्हा पहाटे बरोबर लीन काठावर बसवलेला जेट धोक्याचा नाही, पण दुपारी बसवलेला पहाटे असू शकतो. आणि १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साध्या पेट्रोलपेक्षा जवळपास चार टक्के जास्त इंधन लागतं.

मूळ कार्ब ठेवून त्याचाच जेट ड्रिलने मोठा करणाऱ्यांसाठी: छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ०.७० चं ०.७५ केलंत तर १५ टक्के वाढ, ०.९० केलंत तर ६५. हातात धरायच्या पिन व्हाइसमध्ये बारीक ड्रिल घालून, एका वेळी ०.०५ पेक्षा जास्त नाही, आणि मूळ जेट जपून ठेवून दुसऱ्यावर प्रयोग. पॉवर ड्रिल लावलं की छिद्र लंबगोल होतं आणि कडेला बुरी (धातूची खरखरीत कोर) राहते. आकडा बरोबर आणि प्रवाह भलताच. साफ करतानाही पायलटमध्ये टाचणी किंवा पोलादी तार घालू नका. नायलॉनचा धागा किंवा वायरमधली तांब्याची एक तार पुरते.

एवढ्या छोट्या इंजिनावर फार मोठा कार्ब म्हणजे नाकापेक्षा मोती जड. २२ चा तुम्हाला ठीक आहे. त्याहून मोठा लावलात तर हवेचा वेग पडतो आणि आत्ताचा दोष दुप्पट होऊन परत येतो, वरच्या टोकाला काही मिळालं तरी.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे ४९ सीसीचं टू-स्ट्रोक आहे, त्यांनी वरचं सगळं आणखी एक पायरी रिच धरावं. तिथे तेल पेट्रोलबरोबरच येतं, लीन म्हणजे तापलेला पिस्टन आणि वर तेलाचीही कमतरता. उतारावर पूर्ण वेगात मूठ बंद करून लांब घरंगळलात तर पायलटमधून येईल तेवढंच तेल. माझा एक पिस्टन असाच चिकटला, मेन जेट अगदी योग्य असताना. तेल वाढवलं की जास्त सुरक्षित, असं समजून लोक मिश्रणात तेल वाढवतात. पण त्याच छिद्रातून तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण लीनकडे सरकतं. फरक थोडा असतो, पण दिशा उलटी असते.

तर तुम्ही आधी मेन जेट १०० च्या आसपास परत आणा, क्लिप मधल्या खाचेत, हवेचा स्क्रू दीड फेऱ्यावर. साबणाचं पाणी फवारून घ्या. मग स्क्रू, पायलट, क्लिप या क्रमाने, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत लिहून. तिसऱ्या बदलानंतर आठवत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. मूठ झटक्यात पिळून गाडी उचलायला लागली की मेन जेटची फेरी. मेन बदललात की पायलट पुन्हा एकदा बघा, थोडा हलतो. तरीही बसत राहिली तर पायलटचा आकडा, स्क्रू किती फेऱ्यांवर, क्लिप कितवी, स्लाइडवरचा आकडा आणि पट्टीवरच्या कुठल्या खुणेपाशी बसते एवढं कळवा. आणि ती सरळ नळी बदलून मफलर लावायचा विचार असेल, तर तो आधी लावा, नाहीतर ही वही पहिल्या पानापासून पुन्हा लिहावी लागेल.